गावाची एकी आणि सासूबाईंची ज्वारी

फाल्गुन आला की माझ्या मानेला खाज सुटते. गेली कित्येक वर्षं मी आदिलाबादला, सिमेंटच्या घरात राहते. अंगणात तुळस आणि मोटारसायकल, एवढंच काय ते उरलंय. खळं नाही, भुसा नाही. तरी दुपारचं वारं पश्चिमेकडून सुटलं, की हात आपोआप मानेकडे जातो. काल सूनबाईनं दुकानातून ज्वारीचं पुडकं आणलं. मी सवयीनं ताटात ओतून निवडायला बसले. ती म्हणाली, "आई, ती साफ केलेलीच असते." खरंच होती. एक खडा सापडला नाही, काळा दाणा नाही, दाण्याला चिकटलेलं गोंडर नाही. इतकी एकसारखी ज्वारी, की ती कुठल्या शेतातली, कुणाच्या हातची, काही म्हणता काही कळेना. मला उगीचच परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं.

आमच्या वेळी ज्वारीला घराणं असायचं. सुपात घेतली की बायका सांगायच्या, ही कुणाची. आणि या घराण्यावरूनच आमच्या गावात जे रामायण झालं, ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एका फाल्गुनात. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

किनवटहून मी भीमपूरकडच्या त्या गावात आले. पैनगंगा पलीकडे, आणि तिच्याही पलीकडे महाराष्ट्र. गाव आंध्रात, कचेरी उर्दूत, शाळा तेलुगूत आणि भांडणं मराठीत, अशी एकूण व्यवस्था होती. घरात आम्ही चौघं. सासरे केशवराव, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई सरूबाई, त्या माझ्या आत्याबाई. आमचे हे, आणि मी. मामाजींची बारा एकर जमीन नदीच्या अंगाला. आत्याबाईंना त्यांच्या वडिलांनी अडीच एकराचा एक तुकडा दिला होता, त्याचा पट्टा त्यांच्या नावावर. काळीभोर, लोण्यासारखी जमीन. त्या तुकड्यात त्या दुसऱ्या कुणाला पेरणीची पाभर धरू द्यायच्या नाहीत. बियाणं स्वतः राखायच्या, कणसं स्वतः निवडायच्या. खळं शेणानं तीन वेळा सारवायच्या. तिथं चप्पल घालून पाऊल टाकलेल्या माणसाला त्या वर्षभर विसरत नसत. त्यांची ज्वारी परातीत ओतली की आवाज वेगळा यायचा. पांढरी, टपोरी, किंचित पिवळसर झाक. भाकरी दुसऱ्या दिवशीही दुमडावी तशी दुमडायची.

आणि आमच्या शेजारी लहानूजी. त्यांचा खळ्यावर विश्वास नव्हता. ते आपली कणसं सरळ डांबरी रस्त्यावर अंथरायचे. येणारी-जाणारी बस त्यावरून जायची आणि मळणी व्हायची. त्यांच्या हिशेबानं सरकारनं रस्ता त्यासाठीच केला होता. ड्रायव्हर शिव्या घालायचा तेव्हा लहानूजी हात जोडून म्हणायचे, "साहेब, आनखी एक चक्कर मारा ना. हे कोपऱ्यातलं राह्यलं." माणूस मनानं उमदा. अडीनडीला पहिला धावून येणारा. पण त्यांच्या ज्वारीत बारीक खडी असायची, आणि उन्हाळ्याकडे झुकत्या दिवसांत डांबरसुद्धा.

आदल्या वर्षी गावाला एक धडा मिळाला होता. आदिलाबादचा अडत्या गावातल्या माणसांना एकेकट्यानं गाठायचा. एकाला म्हणायचा, तुझ्या शेजाऱ्यानं कालच या भावात दिली. शेजाऱ्याला म्हणायचा, अरे, यानंच तर परवा दिली. दोघंही घाईघाईनं देऊन टाकायचे. पुढे पोळ्याला बैल धूत असताना दोघं बोलले, तेव्हा कळलं की अडत्या आला त्या दिवसापर्यंत दोघांपैकी कुणीच दिली नव्हती. ही गोष्ट मामाजींच्या मनात बसली. त्यांनी सगळा हिवाळा त्यावर विचार केला. ज्वारी पोटरीत आली तसा त्यांचा विचारही पोटरीत आला, आणि माघ संपता संपता त्यांनी मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं.

बायांना बोलावणं नव्हतं. पण आमचं घर पाराला लागूनच, आणि आत्याबाई त्या दिवशी नेमक्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. एवढा लसूण कशाला, हे मी विचारलं नाही.

मामाजींचा आवाज भारदस्त. "एकटा बैल बाजारात गेला तं लोक त्याचे दात मोजते," ते म्हणाले. "कळप गेला तं लोक रस्ता सोडते. अवंदा गावाची सारी ज्वारी एकाच वेळेस जाईन, एकाच तोंडानं बोलन. कोनी एकटं विकायचं नाई. अन जो विकन, त्याच्या खळ्यावर कोनाचे बैल जानार नाई. बोला, मंजूर?"

सगळ्यात पहिला हात लहानूजींचा. दोन्ही हात. मग बाकीचे. तेवढ्यात आत्याबाई लसणाचं सूप खाली ठेवून, पदर सावरत पारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा हात कोनं मोजला?" त्या म्हणाल्या.

मामाजी म्हणाले, "आपलं घर एकच हाय ना. मी केला न वर."

"घर एक हाय. पट्टे दोन हाय. माझ्या पट्ट्याचा हात हा हाय, अन तो खालीच हाय."

"काऊन पन?" लहानूजींनी विचारलं. "काकू, एकी नको का गावात?"

"एकी पाह्यजे न बाबा. पन साऱ्यायचं दूध एका हंड्यात घालाचं म्हटलं का ज्याच्या दुधात पानी हाय, तो पह्यले एकी म्हनते." लहानूजी खाली बघायला लागले. आत्याबाईंचं सुरूच, "मी तीन खेप खळं सारवते. रात्रंदिवस पाखरं हाकलते. अन माझी ज्वारी ह्या बसखालच्या ज्वारीत मिसळू? पोतं पोत्याले लागलं का दानं वळखू येत नाई."

मामाजी म्हणाले, "तुमची ज्वारी चांगली हाय, हे अडत्या मानते का? तो तुमाले एकटं पाहून पाडूनच भाव देते. चांगली असून काय उपेग?"

"माझी चांगली हाय म्हनून मी ती त्याच्या दारात नेनारच नाई."

"मंग कुठी नेनार?"

याचं उत्तर त्या वेळी आत्याबाईंकडे नव्हतं. पण उत्तर नाही, असं कबूल कुठं करायचं असतं? त्या म्हणाल्या, "माझी ज्वारी, माझं पाहीन," आणि लसूण उचलून आत आल्या. ठराव मंजूर झाला. गाव एका बाजूला आणि माझी सासू एका बाजूला. गावाचा संघ झाला आणि त्याचे अध्यक्ष मामाजी.

आज विचार करते तेव्हा वाटतं, दोघांचंही खरं होतं. म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं. एकाचं खोटं असतं तर तो दोन दिवसांत दमला असता.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. माझ्याशी सुरू. मामाजी ओसरीवर, आत्याबाई चुलीपाशी, मधे दहा पावलं. "सूनबाई, विचार त्यायले, अंबील हाय का." मी उठायच्या आत चुलीपासून, "सांग त्यायले, हाय." मी एकदा भाबडेपणानं म्हणाले, "मामाजी, ऐकलं ना तुम्ही?" तर दोघंही माझ्यावर रागावले. तेव्हापासून मी दहा पावलं जायची, ऐकलेलं पुन्हा सांगायची आणि दहा पावलं परत यायची. त्या महिन्यात माझं वजन उतरलं. आमचे हे सकाळी आईच्या शेतात आणि दुपारनंतर वडलांच्या खळ्यावर राबायचे. संध्याकाळी कुणाचीही बाजू घ्यावी लागू नये म्हणून जेवल्याबरोबर डोळे मिटायचे.

आणि ज्वारी तर कुणासाठी थांबत नाही. ती कडकडीत वाळली. ती फाल्गुनातली सकाळ मला अजून हुबेहूब आठवते. कडब्याचा गोडसर वास, पहाटेच्या दहिवरानं ओले झालेले घोटे, ज्वारीच्या ताटांतून भर्रकन उठणारे पोपट आणि त्यांच्या मागे कुणाच्या तरी गोफणीचा सूं आवाज. कणसं खुडून खळ्यावर ढीग लागला. आता बैल फिरवायचे. आणि इथं ठराव आडवा आला. नियम मोडणाऱ्याच्या खळ्यावर कुणाचेच बैल जाणार नाहीत. कुणाचेच म्हणजे घरचेही नाहीत.

मामाजी दोन दिवस गोठ्यात फेऱ्या मारत होते. अध्यक्षांनी आपलेच बैल आपल्याच बायकोच्या खळ्यावर पाठवले, तर गाव काय म्हणेल? तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "सूनबाई, सांग त्यायले. बैल भेटनार नाई. कायदा साऱ्यायले सारखा." त्यांचा आवाज मात्र भारदस्त नव्हता.

आत्याबाईंनी भाकरी थापता थापता ऐकलं. परातीतलं पीठ झटकलं. "सांग त्यायले, माझे हात अजून त्यायच्या कायद्यात आले नाई." मग माझ्याकडे बघून, "तुले बडवता येते का वं?"

मला येत नव्हतं. किनवटला माझे वडील किराणा दुकान चालवायचे. मी ज्वारी पाहिली होती ती पोत्यात. पण मी हो म्हणाले. पुढच्या बारा दिवसांत मी काठीनं कणसं बडवायला शिकले. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी फोड फुटले, तिसऱ्या दिवशी त्यांवर आत्याबाईंनी हळद-तेल लावलं आणि चौथ्या दिवशी मला त्याचा ताल सापडला. एक त्यांची काठी, एक माझी. त्या ओव्या म्हणायच्या, आणि मधेच थांबून ज्यांच्या बैलांना आज काही काम नाही, त्यांची नावं घेऊन काहीबाही पुटपुटायच्या. कणसांचं बारीक, बोचरं कूस मानेत, कानात, चोळीत शिरायचं. नदीवर आंघोळ केली तरी निघायचं नाही. माझ्या मानेची ती खाज तेव्हाची.

मामाजी रोज दुपारी बांधावर येऊन उभे राहायचे. आमच्याकडे पाठ करून, नदीकडे बघत. "नदी पाहून राह्यलो," असं ते कुणी न विचारताच सांगायचे. दहाव्या दिवशी दाण्यांतला भुसा उडवायला, उपणणीला, हवं तसं वारं सुटलं. आम्ही दोघींनी तिपाई लावली. पण सूप उंच धरून सारखी धार सोडायला जी ताकद लागते, ती आमच्या हातांत उरली नव्हती. आत्याबाई वर चढल्या, दोन सुपं सोडली आणि खांदा धरून खाली बसल्या. बांधावरच्या पाठीनं ते पाठमोरंच कसं पाहिलं, कुणास ठाऊक. मामाजी तरातरा आले, चपला खळ्याच्या बाहेर काढल्या आणि तिपाईवर चढले.

"सूनबाई," ते वर बघत म्हणाले, "ठरावात बैल म्हटलं हाय. मानूस नाई म्हटलं. अन वारं फुकट चाल्लं, ते मले पाहावत नाई."

आत्याबाईंनी सूप भरून वर दिलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तसंच सुपामागून सूप दिलं आणि मामाजींनी तशीच धार सोडली. मधे शब्द नाही. खाली दाण्यांची रास आणि बाजूला भुशाचं सोनेरी ढगासारखं काहीतरी. मी नुकतंच लग्न झालेली मुलगी. संसार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मी त्या तिपाईकडे बोट दाखवलं असतं.

आठ पोती भरली. त्याच आठवड्यात संघाच्या अकरा गाड्या आदिलाबादला निघाल्या. बैलांच्या शिंगांना गोंडे, पुढच्या गाडीला झेंडूची माळ, लहानूजींच्या डोक्याला फेटा. जणू नवरी आणायला चालले होते. मामाजींनी निघताना मला सांगितलं, "त्यायले सांग, अजून वेळ हाय. पाठीमागं एक गाडी खाली हाय." आत्याबाई दारात येऊन त्या रिकाम्या बाराव्या गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग त्यायले, येताना भरून आना."

बाजारात काय घडलं ते मला लहानूजींनी सांगितलं. मामाजींनी कधीच नाही. अडत्या अकरा गाड्या बघून आधी दचकला. मग हसला. मामाजींना म्हणाला, "वा पटेल! सबका माल एक है ना?"

मामाजी छाती काढून म्हणाले, "एकदम एक."

"तो भाव भी एक." असं म्हणून तो सावकाश अकरा गाड्यांपाशी फिरला आणि प्रत्येक पोत्यात त्यानं हात घातला. लहानूजींच्या पोत्यातून हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या चिमटीत डांबराचा एक गोळा होता. त्याला चारी बाजूंनी ज्वारी चिकटलेली. "ये क्या है पटेल? डामर की चिक्की?" सगळा बाजार हसला. आणि त्यानं त्या चिक्कीचा भाव सगळ्या गावाला लावला.

मामाजी नाही म्हणाले. बाकीच्या अडत्यांकडे गेले, तर ते म्हणाले, "उनसे बात चल रही है ना आपकी?" दोन दिवस गाड्या तिथंच उभ्या. दुसऱ्या दिवशी अडत्यानं मामाजींना आत गादीवर बोलावलं. चहा मागवला, आणि हळूच म्हणाला, पटेल, तुमची स्वतःची ज्वारी चांगली आहे, तेवढीच वेगळ्या भावानं घेतो, बाकीच्यांना कळायचं कारण नाही. मामाजी चहाचे इतके भोक्ते, की बशीत सांडलेला थेंबही सोडायचे नाहीत. ते भरला कप तसाच ठेवून उठले. "आमच्या गावाचे दात मोजू नको," एवढं म्हणाले आणि गाड्या परत वळवल्या. लहानूजी हे सांगताना रडले होते. त्यांच्या एका गोळ्यापायी गावाचा भाव गेला, आणि तरी मामाजी संपूर्ण वाटेत त्यांना एक शब्द बोलले नव्हते. "बोल्ले असते तं बरं झालं असतं," लहानूजी म्हणाले.

इकडे गाड्या निघाल्या त्याच दिवशी आत्याबाईंनी मला म्हटलं, "बेल्लमपल्लीले आपली शांता हाय." शांताताई म्हणजे त्यांची भाची. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत, राहायला खाणीच्या क्वार्टरात. "ते लोक ज्वारी खात असतीनच ना? का कोळसाच खाते?" दोन पोती बसच्या फाट्यापर्यंत आमच्या ह्यांनी एकेक करून डोक्यावरून पोचवली, आईसाठी, आणि वडलांना सांगू नका म्हणाले, स्वतःसाठी.

आम्ही दोघी बसमध्ये चढलो, तसा कंडक्टर पोत्यांना बघून तेलुगूत ओरडायला लागला. आत्याबाईंनी शांतपणे मराठीत सांगितलं, की तुमच्या बसखाली ज्वारी चालते, मग वर का चालत नाही? त्याला काही कळलं नाही. पण एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या बाईशी वाद घालू नये, एवढं त्यालाही कळलं असावं. त्यानं पोत्यांचं तिकीट फाडलं आणि पाय ठेवायला जागा दिली.

बेल्लमपल्लीत सगळ्यावर काळी धूळ. झाडांवर, कुत्र्यांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर. त्या काळ्या गल्लीत शांताताईच्या दारात आत्याबाईंनी पांढरं लुगडं अंथरलं आणि त्यावर पोतं ओतलं. काय दिसली ती ज्वारी! गल्लीतल्या बायका एकेक करून बाहेर आल्या. कुणी चंद्रपूरकडची, कुणी करीमनगरकडची. "जोन्नलु, जोन्नलु" असं एकमेकींना सांगू लागल्या. तेलुगूत ज्वारीला जोन्नलु म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. एकीनं चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि घरातून डबाच घेऊन आली.

आणि आता एक कबूल करायला हवं. गावाच्या पाराशी एकटीनं भांडलेली माझी सासू विक्रीला बसली आणि पार ढेपाळली. एक बाई म्हणाली, जरा भाव कमी करा, यांनी केला. दुसरी गरोदर होती, तिला शेरभर वरून. तिसरी त्यांच्या माहेरच्या बाजूची निघाली, तिच्याकडून पैसे घ्यायलाच तयार नाहीत. शेवटी शांताताईनं पायली माझ्या हातात दिली आणि आत्याबाईंना आत चहा करायला पाठवलं. दुपारपर्यंत दोन्ही पोती संपली. पण बायका हलेनात. "पुन्हा कधी आणाल? आम्हाला वर्षाची भरायची आहे." परतीच्या बसमध्ये आत्याबाईंनी रिकाम्या पोत्यांच्या घड्या केल्या. मग म्हणाल्या, "सहा पोते राह्यले. दोन-दोन पोते घेऊन मी किती खेपा करू वं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फाट्यावर बसमधून उतरलो, आणि समोर संघाच्या अकरा गाड्या. भरलेल्याच, आणि मागे ती बारावी, रिकामीच. झेंडूची माळ सुकून बैलाच्या नाकाशी आलेली. आमच्या काखेत घडी केलेली दोन रिकामी पोती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे. कुणाला काही विचारायची गरजच नव्हती.

लहानूजी म्हणाले, "काकू, बसा न गाडीत."

"नको बाबा. तुमच्या बैलायले आमचं वज्जं चालत नाई."

पुढच्या गाडीवरून मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, त्यायले सांग, ऊन हाय."

"त्यायले सांग, आमाले पाय हाय."

मग आम्ही दोघी पुढे चालत आणि मागे अकरा गाड्या, अशी आमची मिरवणूक गावात शिरली.

दोन दिवस घरात सुतक. मामाजी ओसरीवर खांबाला टेकून, आत्याबाई उरलेल्या सहा पोत्यांना टेकून. मी दोघांकडे बघायची. मामाजींकडे अकरा गाड्या ज्वारी, पण गिऱ्हाईक नाही. आत्याबाईंकडे गिऱ्हाईक, पण गाड्या नाहीत. हे किराणा दुकानदाराच्या मुलीला दिसत होतं. त्यांनाही दिसतच असणार, पण पहिला शब्द कुणी काढायचा? आणि निरोप तर माझ्यामार्फतच जायचे. तिसऱ्या सकाळी मी घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोलले.

मामाजींपाशी जाऊन म्हणाले, "आत्याबाई म्हणतात, बेल्लमपल्लीला लई मागणी आहे. एकट्यानं होत नाही. तुम्ही लॉरीचं बघाल का, असं विचारतात."

मामाजी ताठ झाले. "अशी विचारते ते?"

"हो."

"एकट्यानं होत नाई, असं म्हटलं तिनं? ह्याच शब्दात?"

"ह्याच शब्दात."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. दहा पावलं गेले मी. आत्याबाई मसाला वाटत होत्या. नेमकं त्या दिवशी वरवंट्याच्या आवाजानं त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, हे माझं नशीब. "मामाजी म्हणतात, ज्वारी मिसळली ही चूक झाली. आता लॉरी करतो, पण कुणाची ज्वारी घ्यायची आणि कुणाची नाही, ते तुम्ही ठरवायचं."

वरवंटा थांबला. "चूक झाली म्हटले?"

"हो."

"त्यायनं? तोंडानं?"

"तोंडानं."

त्या पुन्हा वाटायला लागल्या, पण आता वरवंट्याचा आवाज वेगळा होता.

संध्याकाळी पुन्हा पार. या वेळी बायाही होत्या. मामाजी उभे राहिले, आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात कठीण भाषण असावं. "सक्ती काढून टाकली," ते म्हणाले. "ज्याले एकटं विकाचं, त्यानं विकावं, त्याच्या खळ्यावर बैल जाईन. ज्याले संग यायचं, त्यानं यावं. पन जो येईन, त्याची ज्वारी पह्यले सरूबाईच्या सुपातून जाईन."

तिघं जण बाहेर राहिले. बाकीच्यांच्या पोत्यांपुढे आत्याबाई सूप घेऊन बसल्या. ओळखदेख नाही, मुरवत नाही. खुद्द मामाजींची दोन पोती त्यांनी परत पाठवली. "सांग त्यायले, पाखडून आना." आणि लहानूजींची तर सगळीच. लहानूजी, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई चार दिवस ओसरीवर बसून ज्वारीतून डांबर वेचत होते. पाचव्या दिवशी लहानूजी सूप घेऊन आले तेव्हा परीक्षेचा कागद द्यायला आलेल्या पोरासारखे दारातच उभे राहिले. आत्याबाईंनी पाखडलं, बघितलं, आणखी एकदा पाखडलं. "ने बाबा, भर," त्या म्हणाल्या. लहानूजींनी सगळ्या गावाला गूळ वाटला.

लॉरी बेल्लमपल्लीला गेली. मामाजी वजनाला, शांताताई बोलायला. आत्याबाई फक्त बसायला, कारण त्या बसलेल्या दिसल्या की बायका तपासायला पोतं उघडूनही बघत नव्हत्या, तशीच घ्यायच्या. मामाजींना तेलुगू येत नव्हतं, पण दिवसभर ते "जोन्नलु, जोन्नलु" असे ओरडत राहिले, जणू हरवलेल्या माणसाला हाका मारताहेत. सगळी ज्वारी गेली, अगदी लहानूजींचीसुद्धा.

यावर गावाचं एकमत झालं असेल असं कुणाला वाटलं, तर त्यानं आमचं गाव पाहिलेलं नाही. बाहेर राहिलेल्या तिघांना अडत्यानं स्वतः फाट्यावर येऊन चांगला भाव दिला, कारण त्याच्याकडे माल कमी पडला होता. ते म्हणू लागले, बघा, एकट्यानंच परवडतं. मामाजी म्हणायचे, "आमी सारे संग गेलो म्हनून तुले भेटला." ते म्हणायचे, आम्ही गेलो नाही म्हणून आम्हाला भेटला. हा वाद पुढची चार-पाच वर्षं दर फाल्गुनात चालला. लॉरीही जात राहिली. मग कापूस आला. ज्वारीची वावरं एकेक करून पांढरी झाली, पण कापसानं. आत्याबाईंनी आपलं अडीच एकर सगळ्यात शेवटी कापसाला सोडलं.

त्या वर्षी, नव्वदच्या दशकातच, कापूस संगतीनं विकायचा की एकट्यानं, असा विषय निघाला. मी पोरीची वेणी घालत होते. मामाजी म्हणाले, "तवा तुमीच म्हटलं होतं, एकट्यानं होत नाई. लॉरी पाहा म्हनून निरोप धाडला होता."

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. "मी काऊन धाडू? चूक झाली असं म्हनून तुमीच धाडला होता."

"चूक? माझी? असं मी कवा म्हटलं?"

मग दोघांनीही हळूहळू माझ्याकडे पाहिलं. मी पोरीची वेणी इतकी घट्ट ओढली, की ती किंचाळली. पळायला जागा नव्हती. मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता माझी किनवटला रवानगी.

मामाजी छताकडे बघायला लागले. "म्हंजे मी सक्ती काढली," ते म्हणाले, "साऱ्या पारावर, ते हिनं न म्हटलेल्या गोष्टीसाठी?"

आत्याबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अन मी तिकडं," त्यांना बोलवेना, "मी तिकडं दोन दिवस रोज तुमच्यासाठी वांगे केले, चूक कबूल केली म्हनून!"

"तरीच," मामाजी म्हणाले. "मले वाटलं वांगे सस्ते झाले."

मग तेही हसले, आणि हसता हसता दोघं पुन्हा कापसावर आले. आवाज चढले. ते म्हणाले एकत्र, त्या म्हणाल्या वेगळा. या वेळी मात्र एकमेकांच्या तोंडावर, सरळ, दहा पावलांवरून. मधे एकदा मी सवयीनं उठले, तर दोघंही एकदम म्हणाले, "तू बस वं!"

मी बसले, आणि पोरीची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.